खाडीत अडकलेले नारव्हाल

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटला तरी खाडी गोठेना, आणि खाडी गोठेना म्हणून आपियाला घरात बसवेना. सकाळी चहाचं पाणी ठेवायचं, ते उकळायच्या आत अंगात कोट चढवायचा, किनाऱ्यावर जायचं, काळ्या पाण्याकडे बघायचं आणि परत यायचं. घटकाभरानं पुन्हा तेच. तिचा नवरा जायपिटी कमरेनं अधू झालेला. तो खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर रेडिओवर शिकाऱ्यांच्या गप्पा ऐकत बसे. दुसऱ्यांदा केटली करपली तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या बघण्यानं पाणी गोठत असतं तर आत्तापर्यंत आपण पलीकडच्या किनाऱ्यावर चहा पीत असतो." आपिया तोवर पुन्हा बूट चढवत होती.

तिच्या लहानपणी उत्तर ध्रुवाकडच्या या तासियालुक गावात सूर्य हिवाळ्यासाठी निरोप घ्यायचा तेव्हा खाडी पांढरी झालेली असायची. माणसं कुत्री जोडून बर्फावरून पार पलीकडे जायची. आता सूर्य जाऊन दहा दिवस झाले होते. दुपारी चार-पाच तास काय तो निळसर उजेड, आणि त्या उजेडात अजून लाटा हलत होत्या. होडी काढावी तर किनाऱ्याशी बर्फाचा जाड चिखल साचलेला, चालत जावं तर पुढे पाणी. सीलचं मांस संपत आलं होतं. दुकानातल्या डब्यांवर दिवस निघत होते, पण डब्यांनी पोट भरलं तरी माणूस शांत होत नव्हता. घराघरांत बंदुका पुसून भिंतीला टेकवलेल्या होत्या, पुरुष बायकामुलांवर खेकसत होते आणि कुत्री साखळ्यांना हिसके देत होती.

पूर्वी अशा दिवसांत लोक आपियाच्या दारात यायचे. बर्फ वाचायला तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. मुलगा असो की मुलगी, ज्याची नजर चांगली त्याला शिकवायचं, असा त्यांचा खाक्या. कुठल्या टोकाशी प्रवाह खालून बर्फ कुरतडतो, कुठल्या महिन्यात कुठली भेग उघडते, हे सगळं तिला घरातल्या भांड्यांसारखं माहीत होतं. आपिया 'चांगला आहे' म्हणाली की माणसं निघत, 'थांबा' म्हणाली की थांबत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ कूपाक असाच दारात उभा राहिला होता. त्याला खाडीत शिरलेल्या जमिनीच्या टोकापलीकडे सीलच्या शिकारीला जायचं होतं. आपियानं हात पुसत पुसत सांगितलं, जा, मे महिन्यात तिथला बर्फ माणसाच्या छातीएवढा जाड असतो. आजवर असायचाच. त्या दिवशी तो वीतभरही नव्हता. वरून पांढरा, कोरडा, आणि खालून पाण्यानं खाऊन टाकलेला. कूपाक बर्फगाडीसकट आत गेला. चार दिवसांनी तो सापडला.

तेव्हापासून आपियानं बर्फाबद्दल तोंडातून ब्र काढला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायची, मला ठाऊक नाही. लोक एकदा विचारून गेले, दोनदा विचारून गेले, मग येईनासे झाले. पण तिचे पाय काही तिचं ऐकत नव्हते. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती किनाऱ्यावर जायची ती जायचीच.

मग एका रात्रीत वारा पडला आणि थंडी उणे चौतीसवर उतरली. तीन दिवसांत खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत मिटली. मुलं किनाऱ्यावर जाऊन बर्फावर दगड भिरकावू लागली, ते दगड किणकिणत दूर जात. रेडिओवर माणसं पुन्हा हसू लागली. आपियाची घालमेल मात्र वाढली. बर्फ येतो तो पाहुण्यासारखा येतो, आधी किनारा धरतो, मग हळूहळू आत सरकतो. हा तर दार फोडून घुसला होता.

चौथ्या दिवशी दुपारच्या उजेडात ती टोकावरच्या टेकडीवर चढली. हातात दुर्बीण होती. उगाचच घेतली होती, काही दिसावं अशी अपेक्षा नव्हती. खाली मधोमध, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर, बर्फातून वाफ वर येत होती. वर कावळे घिरट्या घालत होते. तिनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि गुडघ्यावर बसली.

पांढऱ्या बर्फात शाळेच्या अंगणाएवढं काळं भोक होतं, आणि त्या भोकात नारव्हाल दाटले होते. ठिपक्याठिपक्यांच्या पाठी, मधूनच नरांचे लांब पिळदार सुळे भाल्यांसारखे वर यायचे, एकमेकांवर आपटायचे आणि खाली जायचे. एक वर येऊन श्वास घेतो तोवर दुसरा त्याच्या पाठीवर चढायचा. दरवर्षी हे देवमासे ऑक्टोबरमध्ये खाडी सोडून मोठ्या समुद्राकडे जातात. हळूहळू सरकणारा बर्फच त्यांना बाहेर रेटत नेतो. यंदा रेटायला बर्फच नव्हता. खायला मासे भरपूर, पाणी मोकळं, तेव्हा ते राहिले. आणि बर्फ आला तो आधी खाडीच्या तोंडाशी आला.

आपियानं पाठी मोजायचा प्रयत्न केला. सत्तर, ऐंशी, शंभराच्या आसपास. मग ती उठली आणि उतारावरून जवळजवळ धावत गावाकडे निघाली.

ती थेट एवालूकडे गेली. एवालू शिकारी मंडळाची चिटणीस, वय वर्षं एकतीस. आपियाची आई गेली त्याच महिन्यात ही जन्मली, म्हणून तिला आपियाच्या आईचं नाव दिलेलं. तासियालुकमध्ये नावाबरोबर नातंही येतं. त्यामुळे सत्तावन्न वर्षांची आपिया या मुलीला 'आई' म्हणायची, आणि एवालू बोलायला लागल्यापासून तिला 'पोरी' म्हणायची. लहानपणी तिला चार शब्दही नीट येत नव्हते तेव्हा ती आपियाला, पोरी, टोपी घाल, म्हणून दटावायची आणि सगळी घरं हसायची. आता कुणी हसत नसे. एवालू हुशार होती आणि दटावायची सवय तिनं सोडली नव्हती.

आपियानं जे पाहिलं ते सांगितलं. एवालूनं आधी तिला खाली बसवलं, मग सरकारी खात्याला फोन लावला. अडकलेल्या देवमाशांना मारायला परवानगी लागते. तिकडच्या माणसानं चौकशी केली, बर्फ फोडणारं जहाज पाठवता येईल का ते बघतो म्हणाला. ते जहाज दोन हजार किलोमीटरवर होतं. आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत भोक निम्म्यावर आलं. परवानगी आली तेव्हा एवालूनं फोन ठेवला आणि आपियाकडे बघून विचारलं, "पोरी, माणसं त्या बर्फावरून जातील का?"

"मला ठाऊक नाही."

"हे मला माहीत आहे. दोन वर्षं ऐकतेय. मी विचारतेय ते दुसरं आहे. तू बघून सांगशील का?"

आपिया उठून खिडकीशी गेली, तिथून दाराशी, दारापासून परत खिडकीशी. एवालूनं तिला फिरू दिलं.

संध्याकाळी गावच्या सभागृहात माणसं जमली. चाळीसेक शिकारी, त्यांत सात-आठ बायका. बहुतेकांना तेव्हाच निघायचं होतं. बर्फगाड्या काढू, वेगानं जाऊ, बर्फ वाकला तरी तुटणार नाही, असं दोघंतिघं म्हणाले. म्हातारी माणसं माना हलवत होती. बर्फ आठवडाभराचाही नाही, त्यावर परवा बर्फ भुरभुरलेला. वरचं पांघरूण खालच्याला ऊब देतं, जाड होऊ देत नाही. पण थांबलं तर भोक बुजणार, देवमासे गुदमरून खाली जाणार, आणि शंभर जनावरं कुणाच्याच पोटात न जाता मरणार. ते पाप कुणालाच नको होतं. कुणीतरी म्हणालं, आपियाला विचारा.

तेव्हा कूपाकचा मुलगा पौलूसी उठून उभा राहिला. तिशीचा, दोन मुलांचा बाप, गावातला सगळ्यात चांगला भालेकरी. बाप गेल्यापासून तो आत्याच्या घरी आला नव्हता. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा, एवढंच.

"आत्याला विचारून काय मिळणार?" तो म्हणाला. "बाबांनीही विचारलंच होतं."

आपिया भिंतीशी उभी होती. तिनं टोपी काढून हातात घेतली.

"हो, विचारलं होतं," ती म्हणाली. "मी चांगला आहे म्हणाले. चुकले."

हे वाक्य ती दोन वर्षं मनात घोळवत होती. बोलल्यावर काही हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मग तिनं पुढचं सांगितलं. इथं उभं राहून बर्फ कसा आहे ते तिला सांगता यायचं नाही. तिच्या वडिलांनी दाखवलेल्या जागा आता तशा राहिल्या नाहीत. पण पायाखाली काय आहे ते पहार मारून कळतं. किनाऱ्यानं टोकापर्यंत जमिनीवरून जायचं, तिथून पुढे ती पहार मारत चालेल. बर्फगाड्या नाहीत. हलक्या स्लेज हातानं ओढायच्या. दोन माणसांत दहा पावलांचं अंतर. ती थांबली की सगळ्यांनी थांबायचं.

"आणि तू आत गेलीस तर?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"कमरेला दोर बांधेन."

दोर कोण धरणार यावर कुजबुज झाली. पौलूसी अजून उभाच होता.

"आत्या जड आहे," तो म्हणाला. "दोर मी धरतो."

दोन-चार जण हसले. पौलूसी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी उजेड फुटल्याबरोबर ते टोकाशी पोचले. आपियानं लोखंडी टोकाची पहार उचलली आणि बर्फावर पाय ठेवला. एक घाव. पहार टणकन वर आली. एक पाऊल. पुन्हा घाव. पन्नास पावलांवर आवाज बदलला, बोदा झाला. ती डावीकडे वळली. तिला डावीकडचा भाग लहानपणापासून माहीत होता. तिथं बर्फ सगळ्यात आधी धरायचा, वडील तिथंच स्लेज उभ्या करायचे. तिसऱ्या घावाला पहार एका दमात आरपार गेली आणि भोकातून पाणी वर आलं, बर्फावर पसरलं, काळं पडलं.

ती जागच्या जागी उभी राहिली. मागे दोर ताणला गेला. पौलूसीनं दोर हळूहळू ओढून तिला दोन पावलं मागे घेतलं. वडिलांनी दाखवलेली जागा. तिनं नाक पुसलं आणि उजवीकडे पहार मारली. तिकडे कधी कुणी जात नसे, तिकडे प्रवाह. टणक. पुन्हा टणक. दीड किलोमीटरला दोन तास लागले. मागे चाळीस माणसं मुंग्यांसारखी तिच्या वाटेवरून वळत वळत आली. ज्याच्याकडे जे होतं ते त्यांनी दोन्ही बाजूंना रोवलं, तेलाचे रिकामे डबे, बांबू, लाल चिंध्या.

भोकाजवळ आले तेव्हा आधी आवाज ऐकू आला. शंभर जनावरांचा धापा टाकल्यासारखा श्वास. वाफेला माशाचा वास होता. जवळ माणसं उभी राहिली तरी देवमासे खाली जाईनात, जाणार कुठे? एक राखाडी पिल्लू आईच्या पाठीवर रेललं होतं आणि ती त्याला वर धरून स्वतः बाजूनं श्वास घेत होती.

म्हाताऱ्यांपैकी एकानं टोपी काढून दोन शब्द प्रार्थना म्हटली. मग काम सुरू झालं. आधी दोराचा भाला मारायचा, म्हणजे मेलेलं जनावर बुडत नाही, मग जवळून गोळी. पौलूसी कडेला गुडघ्यावर बसला आणि त्याचा हात एकदाही चुकला नाही. गोळ्यांचा आवाज झाला की बाकीचे खाली जायचे, आणि दोन-तीन मिनिटांत परत त्याच भोकात वर यायचे. शिकारीत माणसाला जो ताण असतो, जनावर निसटेल का हा, तो इथं नव्हता. कुणी ओरडलं नाही, कुणी फुशारकी मारली नाही. आपिया भोकाच्या कडेनं पहार मारत फिरत राहिली, कारण तिथं आता रक्त आणि पाणी सांडून बर्फ मऊ पडत होता. उभं राहणं तिला जमतच नव्हतं.

तीन दिवसांत त्यांनी एकसष्ट नारव्हाल काढले. स्लेज भरभरून किनाऱ्याला गेल्या. घराघरांत चरबीसकट कातडीचे तुकडे, मक्ताक, कापून वाटले गेले, म्हाताऱ्यांना आधी. दातांखाली करकरणाऱ्या त्या घासानं माणसांचे चेहरे बदलले. शेजारच्या दोन गावांना विमानानं पेट्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन अस्वलं वासावर आली, रोडावलेली, बरगड्या मोजाव्यात अशी. हवेत गोळ्या झाडून त्यांना लांब ठेवलं, आणि आतडी त्यांच्यासाठी बाजूला टाकली.

तिसऱ्या दिवशी परतताना आपिया किनाऱ्याच्या भेगेशी थांबली. भरती-ओहोटीनं किनाऱ्याशी भेग पडतेच, तीत नवं काही नव्हतं. पण भेगेकडेचा बर्फ ओला होता. तिनं मोजा काढून बोट टेकलं, जिभेला लावलं. खारट. पाणी वर येत होतं. वाऱ्यानं दिशा बदलली होती, दक्षिणेची ऊब येत होती, आणि दोन दिवसांवर पौर्णिमा, म्हणजे मोठी भरती. तिला बर्फ तुटेल असं दिसलं नव्हतं. तिला काहीच दिसलं नव्हतं. तरी तिथून पाय निघेना.

तिनं एवालूला सांगितलं, उद्या कुणी जायचं नाही.

"किती जाड आहे?" एवालूनं विचारलं.

"फूटभर."

"फूटभर बर्फावर गाडीसुद्धा जाते, पोरी."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही, आई. नको जाऊ दे."

एवालूनं रेडिओ उचलला आणि मंडळाच्या नावानं सांगितलं की उद्यापासून, पुढची सूचना येईपर्यंत, बर्फ बंद. लगेच रेडिओवर गलका झाला. आत अजून चाळीस देवमासे आहेत, ते काय बघत बसायचे? कशाच्या जोरावर? एवालू म्हणाली, माझ्या. आपियाचं नाव तिनं घेतलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं.

चौथ्या दिवशी बर्फ जागच्या जागी होता. पाचव्या दिवशी होता. पौर्णिमा आली, भरती आली, गेली, बर्फ हलला नाही. आपिया दिवसातून दहादा टेकडीवर जायची. दुर्बिणीतून भोक दिसायचं, दर खेपेला लहान. वाफ अजून येत होती. दोन तरुण तरीही निघाले होते, त्यांना त्यांच्या बायकांनी अडवलं. सहाव्या दिवशी रेडिओवर कुणीतरी, आवाज बदलून, म्हणालं, "आपियाला विचारा, तिच्या चहावर बर्फ धरलाय का." जायपिटीनं रेडिओ बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो दिवसा बंद केला असेल. मग तो म्हणाला, "चहा कर." तिनं केला, आणि कप हातात घेऊन उभ्याउभ्याच प्यायली.

नवव्या दिवशी तिला राहवेना. ती पहार घेऊन निघाली, तर एवालू टोकाशी आधीच येऊन उभी होती. दोघी डब्यांच्या आणि चिंध्यांच्या वाटेवरून चालल्या. बर्फ आता दीड फुटाच्या वर, दगडासारखा. बर्फ बंद ठेवल्यापासून कुठल्याही दिवशी सगळं गाव त्यावर नाचलं असतं.

भोक उरलं नव्हतं. जिथं ते होतं तिथं नव्या बर्फाचा गोल होता, आणि त्यात मधोमध तीन उंचवटे, आतून ढकलल्यासारखे. देवमाशांनी खालून डोक्यानं बर्फ फोडायचा प्रयत्न केला होता. बर्फ वर उचलला गेला होता, तडकला होता, फुटला नव्हता, आणि तसाच गोठला होता. आपियानं एका उंचवट्यावर हात ठेवला. मग पहार उचलली आणि तिथं घाव घालू लागली, एकामागून एक, तुकडे तोंडावर उडत होते. एवालूनं तिला थोडा वेळ मारू दिलं. मग पहारीचा दांडा धरला.

"आत कुणी नाही, पोरी."

"तुला काय ठाऊक?"

"वाफ परवाच थांबली."

आपिया खाली बसली. ती दमली होती, पण बसवतही नव्हतं. तिनं विचारलं, "तू माझं का ऐकलंस? मी कारणसुद्धा देऊ शकले नाही."

एवालूला हे आधीच कुणीकुणी विचारलं होतं, मंडळाच्या बैठकीत, दुकानात, फोनवर. ती म्हणाली, "तू बरोबर आहेस असं वाटलं म्हणून नाही. चाळीस माणसं होती. त्यांतल्या एकाच्या बायकोला मी काय सांगितलं असतं? आपिया नको म्हणाली होती, पण बर्फ जाड होता?" तिनं नाकावरचा बर्फ पुसला. "ऊठ. बूड गोठेल तुझं."

हिवाळा तसाच गेला. माणसं बर्फावर गेली, आली. आपियाला कुणी विचारलं तर ती आता 'ठाऊक नाही' म्हणत नसे, चल बघू म्हणायची आणि पहार घेऊन बरोबर जायची. काही जण विचारायचे, काही जण मुद्दाम विचारायचे नाहीत. एक-दोघं तिला बघून रस्ता बदलत. तिचं तिलाही कळत नव्हतं. एकदा ती हो म्हणाली आणि बर्फ तुटला. एकदा ती नको म्हणाली आणि बर्फ टिकला. या दोन्हींतून पुढच्या वेळेसाठी काय शिकायचं, ते तिच्या वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्यावर ती वेळच आली नव्हती.

जुलैच्या सुरुवातीला खाडी मोकळी झाली, पूर्वीपेक्षा तीन आठवडे आधी. दक्षिणेच्या वाऱ्यानं टोकाच्या पलीकडे किनाऱ्यावर काहीतरी लागलंय अशी बातमी आली. पौलूसी होडी घेऊन निघाला होता. होडी पाण्यात लोटता लोटता त्यानं वर बघितलं, तर आपिया किनाऱ्यावर उभी. तो थांबला. चल म्हणाला नाही, पण होडीचं टोक धरून ठेवलं. ती चढली.

खडकांवर अकरा नारव्हाल लागले होते. समुद्रपक्षी आणि कावळे त्यांच्यावर तुटून पडले होते, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मांस माणसांच्या उपयोगाचं उरलं नव्हतं. पौलूसीनं सुळे कापायला सुरुवात केली. कुत्र्यांसाठी जे निघेल ते आपिया सुरीनं सोडवू लागली. एका मोठ्या नरामागे लहानसं राखाडी कातडं लोळत होतं. तिनं ते उलटून बघितलं नाही.

तासभर दोघं कामच करत होती. मग आपियानं सुरी पुसत विचारलं, "त्या दिवशी मी अडवलं नसतं तर गेला असतास?"

"गेलो असतो."

"सगळे निघाले असते बाहेर. हे असे पडले नसते."

"हो."

"रागावलायस अजून."

पौलूसीनं करवत थांबवली. त्याच्या बापासारखं त्याच्या कपाळावर मधोमध आठी पडायची, ती पडली.

"आहे," तो म्हणाला. "दोन्हीचा. तेव्हा हो म्हणालीस त्याचा, आणि यंदा नको म्हणालीस त्याचा." त्यानं करवत पुन्हा चालवली, दोनदा, तीनदा, आणि मान वर न करता म्हणाला, "आणि बायको म्हणते, आत्याला जेवायला बोलाव. रविवारी ये. जायपिटीकाकांनाही आण."

आपियानं पुढचं जनावर धरलं. वारा वाढत होता, बाहेर पाण्यावर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या होत्या, आणि होडी खडकावर हळूहळू आपटत होती. तिनं एकदा होडीकडे बघितलं, एकदा वाऱ्याकडे, आणि म्हणाली, "आवर लवकर. अजून दोन घे आणि निघू."

"दोनच का? वेळ आहे की."

"असेल. चल तरी."

पौलूसीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं, दोन सुळे घेतले, आणि होडी लोटली.